कुंपणावरचा पायजमा

मु. मोहटोला, ता. सिंदेवाही
माघ महिना, सरता सरता

चिरंजीव लच्छूस,

थोरला भाऊ उमाजी याचा आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवला आहे असं समज. त्यासाठी मुद्दाम वाकायची गरज नाही, मिरचीच्या वावरात तू दिवसभर वाकलेलाच असशील. हाताची आग होते का? झाली तर ताकात बुडव, आणि त्या हातानं डोळा चोळू नकोस (गेल्या वर्षी चोळला होतास आणि तीन गावांना ऐकू जाईल असा ओरडला होतास, हे धुरपतानं मला सांगितलं आहे). तुझ्या वहिनीची, धुरपताची, पाठ कशी आहे ते तू बघ. ती स्वतः सांगणार नाही, विचारलं तर तुलाच ओरडेल, पण बघ. माझी प्रकृती ठीक. गुडघा उठताना कुरकुरतो आणि बसताना शिव्या देतो, बाकी त्याचा काही त्रास नाही.

पत्र लिहायला कारण फार मोठं नाही, पायजम्याएवढं आहे. तू म्हणशील, आजच्या काळात पत्र कशाला, फोन करावा. तर आपल्या घरातला एकुलता एक फोन धुरपता कमरेला खोचून तेलंगणात घेऊन गेली. टोल्याच्या वस्तीत दुसरा फोन लटारूभाऊंचा. त्यांना ऐकू येत नाही म्हणून तो कायम मोठ्या आवाजात लावलेला असतो, आणि रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते, जिथे हल्ली वाघ पाणी प्यायला येतो. म्हणजे घरातली गोष्ट बोलायची तर ती लटारूभाऊंनी ऐकायची, वाघानंही ऐकायची. त्यापेक्षा पिकअपवाल्या रोशनच्या हाती पत्र बरं. रोशन वाचणार नाही. त्याला वाचायचा कंटाळा आहे हे तो शाळेत असल्यापासून मला ठाऊक आहे. भाषा मी शुद्ध लिहितो आहे, कारण पत्रात शुद्ध लिहावं असं आपले गुरुजी म्हणत, आणि सातवी पास झालेला आपल्या घरात मी एकटाच.

आता मूळ विषय. तुम्ही सगळे गेलात आणि टोला असा रिकामा झाला की कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. दारांना कुलुपं, अंगणात काटेरी फांद्या. उरलो कोण, तर ज्यांचा मिरचीला उपयोग नाही ते. माझा गुडघा, लटारूभाऊंचे कान, आणि तुझ्या घरी तुझी कारभारीण, रिंकूची माय, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरनं तिला मिरचीच्या वाऱ्यालाही उभी राहू नको म्हणून सांगितलेलं. सकाळी उठून मी अंगणात खाट टाकतो आणि कोणी येतं का ते बघतो. कोणी येत नाही. मग खाट सावलीत ओढतो आणि तिथून बघतो. लच्छू, तुला म्हणून सांगतो, मला माणसाच्या आवाजाची भूक लागते. परवा बटाटेवाल्याची गाडी चुकून आपल्या टोल्यात वळली. त्या भोंग्यात कोणीतरी बटाट्याचा भाव सांगत होतं आणि मी गाडी परत डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ते मन लावून ऐकलं. मला बटाटे नको होते.

अशा वेळी पायजम्याची नाडी निघाली. जाताना धुरपतानं माझ्या सगळ्या पायजम्यांना नव्या नाड्या ओवून ठेवल्या होत्या आणि बजावलं होतं की धुताना दोन्ही टोकं एकमेकांना बांधत जा. मी बांधली नाहीत. एक टोक नेफ्यात गेलं, त्याला शोधायला मी दुसरं ओढलं, आणि सगळी नाडी हातात आली. मी म्हटलं, त्यात काय, बायका बोलता बोलता ओवतात. आधी पिन लावून ढकलली. ती नेफ्याच्या अर्ध्या वाटेवर उघडली आणि नाडीला सोडून मला टोचली. मग खराट्याची काडी घेतली, ती आतच मोडली. मग बांबूची कमची तासून घेतली, ती पुढे गेली पण नाडी मागेच राहिली. दुपारपर्यंत नेफ्यात एक पिन, अर्धी काडी आणि कमचीचं कुसळ एवढा ऐवज जमला होता आणि नाडी माझ्या गळ्यात होती. दुसऱ्या पायजम्याचंही धुण्यात तेच झालं. शेवटी सुतळीनं वरून बांधून फिरायला लागलो. (हे धुरपताला वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर पिनपर्यंतच दाखव.)

सुतळीचा भरवसा कुठवर धरायचा ते वनखात्याच्या सभेत कळलं. वाघ तलावावर यायला लागला म्हणून जंगलखात्याचे साहेब आले होते. समाजमंदिरासमोर आम्हा उरलेल्यांना बसवून समजावून सांगत होते की वाघ समोर आला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडायचं, म्हणजे त्याला माणूस मोठा दिसतो. मग म्हणाले, चला, सगळ्यांनी उभं राहून करून दाखवा. मी उभा राहिलो आणि सुतळी सैल पडल्याचं मला कमरेवर समजलं. सगळ्यांचे दोन्ही हात वर, माझा एक. साहेब म्हणाले, "बाबा, दुसरा हात?" मी म्हटलं, "साहेब, एका हातानं नाई चालत का?" ते म्हणाले, वाघाला शंका येईल. मग मी का वर करत नाही हे लटारूभाऊंनी स्वतःच्या कानाला पुरेल एवढ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं. सभा चांगली झाली.

तिथे मागे डोक्यावरून पदर ओढून रिंकूची मायही बसली होती. आता तुला वेगळं सांगायला नको, पण तू त्या दिवशी मांडवात मुंडावळ्या सावरत होतास, म्हणून आतलं तुला माहीत नसेल. तुझी नवरी घरात आली तेव्हा आपल्या मायनं तिला चुलीजवळ बसवून सांगितलं होतं, भासऱ्याच्या समोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या खाटेला हात लावायचा नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे सासऱ्याच्या वरचा. आणि मला सांगितलं होतं, तिच्या दारात जायचं तर आधी खाकरायचं. माय गेली, रिंकूला लेकरं झाली, मधली भिंत पडून तिथे कुडाचं कुंपण आलं, पण मी खाकरतो आणि ती पदर ओढते. एवढ्या वर्षांत मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. तिला मी बांगड्यांच्या आवाजावरून आणि पायावरून ओळखतो.

तर सभेच्या दुसऱ्या सकाळी मी खाटेवर बसलो होतो आणि कुंपणापलीकडून आवाज आला. तुझ्या त्या ठिपक्यांच्या शेळीशी, कबरीशी बोलणं चाललं होतं. "कबरे, ज्याचा पायजमा असन त्यानं कुंपणावर टाकून द्यावा. गावात हासू होऊन राह्यलं." मी इकडेतिकडे पाहिलं. पायजमावाला मीच होतो. मी दोन्ही पायजमे आणि नाड्या कुंपणावर टाकल्या आणि घरात जाऊन बसलो. दुपारी पाहतो तर दोन्ही नाड्या ओवलेल्या, टोकं बांधलेली, आणि आतली पिन, काडी, कुसळ एका पानावर वेगळं काढून ठेवलेलं. डोळ्यावर तो काळा चष्मा आणि वरून पदर, तरी बाईनं नुसत्या बोटांनी ओवल्या. काही न बोलता पायजमा काढून घेणं बरं दिसेना. म्हणून मीही कबरीकडे तोंड करून म्हटलं, "कबरे, काम मस्त झालं म्हणून सांग." कबरीनं काही सांगितलं नसावं, पण पलीकडे बांगड्या वाजल्या.

त्यानंतर काय झालं ते मला अजून कळत नाही. आजकालच्या नाड्या फार गुळगुळीत येतात. धुवा, न धुवा, दुसऱ्या दिवशी निघतात. आज हा पायजमा, उद्या तो. मी कुंपणावर टाकायचो आणि कबरीला सांगायचो की बाई, पुन्हा निघाली. आणि मग कबरीमार्फत चार गोष्टी व्हायच्या. कबरे, डोळ्यात औषध टाकलं का कोणी. कबरे, टाकलं, आन गुडघ्याले करंजीचं तेल लावावं, कुरकुर इथवर ऐकू येते. कबरे, तिकडच्यांचा काही निरोप. कबरे, रिंकूच्या लहान्याले दात आला. लच्छू, ती चांगलं बोलते. आपल्या मायची नक्कल तर अशी करते की मी खाटेवरून उठून उभा राहिलो. एवढी बोलणारी बाई आपल्या घरात होती आणि मला हे आता समजतंय. सकाळी उठल्यावर मला आता काम असायचं, पायजमा टाकायचं. कबरी मात्र कंटाळली. दोन्हीकडून बोलणी तिलाच, आणि पाला कोणीच घालत नव्हतं.

मग मागच्या आठवड्यात असं झालं की पायजमा संध्याकाळी टाकला तो सकाळीही तसाच लोंबत होता, नाडी बाजूला. अंगण झाडल्याचा आवाज नाही. कबरी दाव्याला बांधलेली, ओरडत होती. मी म्हटलं, "कबरे, आज उशीर झाला का?" कोणी बोललं नाही. मी कुंपणाच्या खुंटाजवळून वळसा घालून तुझ्या दाराशी गेलो आणि खाकरलो. मग मोठ्यानं खाकरलो. मग इतका खाकरलो की पलीकडून लटारूभाऊ अडुळशाचा काढा घेऊन आले. त्यांना मी छातीवर हात ठेवून उभा दिसलो, ऐकू काही आलं नव्हतं. मी दाराकडे बोट दाखवतो, ते काढ्याकडे दाखवतात. शेवटी तो काढा मी पिऊन टाकला आणि आत गेलो.

ती तापानं फणफणत पडली होती. पदर बाजूला पडला होता आणि मी भिंतीकडे तोंड केलं, पण त्याआधी दिसायचं ते दिसलं. तिचे केस पांढरे झाले आहेत, लच्छू. माझ्या डोक्यात ती अजून तुझी नवी नवरीच होती. मी भिंतीकडे बघत बघत तांब्यातलं पाणी तिच्याकडे सरकवलं (त्यातलं बरंच सांडलं) आणि लटारूभाऊंचा फोन घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो. दुरुस्त व्हायचा पायजमा कुंपणावर तसाच पडलेला, दुसऱ्याचीही नाडी निघालेली, त्यामुळे अंगावर सुतळीवाला. एका हातात फोन, एका हातात पायजमा. वाघ आला असता तर दोन्ही हात वर करायची सोय नव्हती. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण वाघाची कमी आणि घरातल्या शांततेची जास्त. वाघ आला नाही, बगळे होते. दवाखान्याची आशाताई रंजीता फोन ऐकून स्कूटीवरून आली, बोटातून रक्त काढून बघितलं, मलेरिया निघाला, गोळ्या दिल्या. जाताना मला म्हणाली, "बाबा, एवढा येळ बाहेर खाकरत काऊन बसले होते? माणूस मरन ना."

मग ती उठेपर्यंत पेज मी शिजवली. दारात बसून कबरीला सांगायचो की कबरे, गोळीची वेळ झाली, पाण्यासोबत घ्यायची, उपाशीपोटी नाही. पहिल्या दिवशी आतून काही आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि आतून एक वाक्य आलं. त्यात कबरीचं नाव नव्हतं. ते वाक्य काय होतं हे इथे लिहीत नाही. आता ती बरी आहे, हिंडते फिरते, अंगण झाडते. घाबरू नकोस आणि काम सोडून पळत येऊ नकोस. तुला तेव्हाच कळवणार होतो, पण तिनं कबरीला सांगितलं की तिकडे जीव टांगणीला लावू नका.

पत्राचं मुख्य काम राहिलंच. रोशन सांगत होता की धुरपता तिकडच्या बाजारातून माझ्यासाठी इलास्टिकचे पायजमे घेणार आहे. तिला म्हणावं, घेऊ नकोस. इलास्टिकनं पोटावर वळ पडतात, खाज येते, आणि आपल्या घराण्यात कोणी घातलेलं नाही. मला नाडीच बरी. दुसरं असं की येत्या सोमवारी रिंकूचा नवरा आरमोरीहून कबरीला न्यायला येणार, तू त्याला शब्द दिला आहेस म्हणे, लेकरांच्या दुधासाठी. दुधाला दुसरी शेळी बघता येईल. कबरी म्हातारी आहे, प्रवास तिला सोसणार नाही. शब्द मागे घेता येत असेल तर बघ.

तिथल्या सगळ्या मोहटोलेकरांना रामराम. हात धुतल्याशिवाय घेऊ नये, मिरचीचे असतील. धुरपताला सांग, मी व्यवस्थित जेवतो.

तुझा थोरला भाऊ,
उमाजी

ता. क. कबरी म्हातारी नाही. तुलाही ते माहीत आहे, मागच्या वर्षीच व्याली. ती गेली तर मी कोणाशी बोलू, आणि ती बाई कोणाशी बोलेल? कोंबडीकडे तोंड करून बोलून पाहिलं, ती ऐकून घेत नाही, निघून जाते.

आणखी एक. ते वाक्य लिहून टाकतो, नाहीतर तुला भलतीच शंका येईल. आतून ती म्हणाली, "नाडा तुमीच काढून राह्यले ना? दोन गाठी मारल्या होत्या मी. आपोआप कशा सुटतीन?" एवढ्या वर्षांत तिनं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि त्यात मी चोर ठरलो. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो." तेही कबरीला न सांगता, सरळ दाराकडे बघून. आणि लच्छू, मला फार बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती उठली, पदर ओढला आणि पुन्हा कबरे सुरू केलं. ते मला लागलं.

खरं काम हे आहे. ही रीत घालून देणारी माय आता नाही. तिच्यामागे घरात मोठे म्हणून मी आणि तू. मी थोरला आहे म्हणून माझ्या तोंडून हे शोभत नाही, आणि तिचा नवरा तू, तू म्हटल्याशिवाय ती बोलणार नाही. रोशन परत येईल तेव्हा त्याच्या हाती तिच्या नावानं एका ओळीची चिठ्ठी दे की भासऱ्याशी बोललीस तरी चालेल. धुरपताला विचारून घे. तिला पटेल, मी किती बोलतो ते तिला ठाऊक आहे, तेवढाच तिचा भार हलका. मग कबरीला सोमवारी खुशाल पाठवू.

शेवटचं. पत्र लिहितो आहे हे तिला कळलं. आत्ता कुंपणाशी येऊन कबरीला म्हणाली, "कबरे, लिहिणाऱ्यानं हेही लिहावं, का आता मी नाड्याले गाठ मारून नाई देत. म्हाताऱ्या बोटाइले सोडाचा तरास होते." पायजमा कुंपणावरून काढून आणला. खरंच गाठ नाही.